‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिणारी लेक आणि गल्ल्यावर बसायला घाबरणारी आई

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही जत तालुक्यात राहता. वय २९, शिक्षण बारावी कला, सहा वर्षं साडीच्या दुकानात कामाला. मालकांनी गल्ला सांभाळायला सांगितला, तुम्ही नाही म्हणालात, आणि ‘मान देतोय तर नखरे करते’ असा त्यांनी समज करून घेतला. खरं कारण तुम्ही आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. सुटे पैसे मोजताना डोकं रिकामं होतं, काट्यांचं घड्याळ वाचता येत नाही, आणि बाजारात दर वेळी पाचशेची नोट पुढे करून परत आलेले पैसे न मोजताच पर्समध्ये टाकता. आता दुसरीतली लेक ‘त्रेपन्न’ सांगितलं की ३५ लिहिते, आणि तुमच्या पोटात गोळा आला आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: हा डिस्कॅल्क्युलिया (आकडे समजण्यातली अडचण) आहे का, तो माझ्यामुळे तिला आला का, आणि लोकांना सांगायचं कसं.

मी विशेष शिक्षिका आहे. त्याआधी चार वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि गेली तेवीस वर्षं फक्त अशा मुलांसोबत काम करते आहे. पत्र वाचून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण पाचशेच्या नोटेची गोष्ट वाचली तेव्हा मी पत्र बाजूला ठेवून थोडा वेळ गप्प बसले. माझ्याकडे आलेल्या मोठ्या माणसांपैकी कितीतरी जणांनी अगदी हेच सांगितलं आहे. मोजायची वेळच येऊ नये म्हणून मोठी नोट द्यायची आणि चिल्लरीनं फुगलेली पर्स घेऊन घरी यायचं.

आधी हे नेमकं काय असतं ते सांगते. चार चिंचोके जमिनीवर टाकले तर बहुतेक माणसांना न मोजता ‘चार’ दिसतात. आठ मोठे की सहा, हे विचार न करता कळतं. रस्ता चढाचा आहे की उताराचा हे पायांना कळावं, तशी ही संख्येची जाण असते. मेंदूच्या वरच्या-मागच्या भागात, दोन्ही बाजूंना, हे काम करणारी जागा आहे. डिस्कॅल्क्युलियात ही जाणच अधू असते. म्हणून मूल चार चिंचोकेही बोट लावून एकेक मोजतं. त्यात आणखी दोन टाकले तर ‘चार, पाच, सहा’ असं पुढे न जाता पुन्हा एकपासून सुरू करतं. बुद्धी कमी असते म्हणून हे होत नाही. हेच मूल गोष्ट उत्तम सांगतं, चित्र काढतं, माणसं ओळखतं. १९७४ साली तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या लादिस्लाव्ह कोश्च या मानसशास्त्रज्ञानं या अडचणीची वेगळी व्याख्या केली. डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचनातल्या अडचणीचा, अभ्यास त्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. त्यामुळे आजही वाचन न येणाऱ्या मुलाबद्दल शिक्षक थोडा तरी विचार करतात, गणित न येणाऱ्याला मात्र ‘सराव कर’ म्हणून मोकळे होतात. शंभरात साधारण ३ ते ७ जणांना हा त्रास असतो असं मानलं जातं. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात एकदोन तरी.

सरावाबद्दल मला एक कबुली द्यायची आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याला सातचा पाढा येईना म्हणून मी रोज सकाळी त्याला उभं करून म्हणायला लावायची. दोन महिन्यांत तो धडाधड म्हणू लागला: सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस. मला फार आनंद झाला. मग एक दिवस सहज विचारलं, ‘सात चोक किती?’ तो परत ‘सात एके सात’पासून सुरू झाला आणि अठ्ठावीसवर थांबला. मी विचारलं, ‘अठ्ठावीस मोठे की एकवीस?’ तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्यानं पाढा गाण्यासारखा पाठ केला होता. त्या गाण्यात त्याच्यासाठी संख्या नव्हतीच. साठ दिवस सगळ्या वर्गासमोर मी त्याला उभं केलं होतं, आणि ते आठवलं की आजही मला वाईट वाटतं. या क्षेत्रात मी आले ती त्या मुलामुळे.

आता तुमच्या लेकीचे ३५. इथे घाई करू नका, कारण यात आपल्या भाषेचाही मोठा वाटा आहे. मराठीत आपण सुटे आधी बोलतो आणि दशक नंतर. त्रेपन्न म्हणताना कानावर आधी ‘त्रे’ पडतो, म्हणून मूल आधी ३ लिहितं. त्यात दशकाचं नावही मूळ रूपात राहत नाही: पन्नासचं ‘पन्न’ किंवा ‘वन्न’ होतं, साठचं ‘सष्ट’, सत्तरचं ‘हत्तर’. एकोणतीस, एकोणचाळीस यांत तर पुढच्या दशकाचं नाव घेऊन एक वजा करायचा असतो. आणि हा नियम लागू करून मूल ‘एकोणशंभर’ म्हणालं की आपण हसतो, कारण तिथे आपण नव्याण्णव म्हणतो. थोडक्यात, मराठी मुलाला शंभरपर्यंतची बहुतेक नावं एकेक करून पाठच करावी लागतात. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, तुम्हाला आठवत असेल. विधानसभेतही चेष्टा झाली. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळे लहान मुलं अडखळतात. माझ्या टेबलापुढे बसलेली मुलं पाहता त्यांचं निरीक्षण अचूक होतं. भाषा बिघडेल ही लोकांची भीती मला समजते, पण ज्या मुलांसाठी तो बदल होता त्यांच्याबद्दल त्या गोंधळात फारसं कुणी बोललं नाही.

तुम्ही लिहिलंय की सासरी कानडी बोलतात. याचा उपयोग करा. कानडीत त्रेपन्नला ‘ऐवत्तमूरु’ म्हणतात, म्हणजे आधी पन्नास, मग तीन. लेकीला आजीकडून कानडी आकडे येत असतील तर आठवडाभर तोच आकडा कानडीत सांगून लिहायला लावा. कानडीत सांगितल्यावर ती ५३ बरोबर लिहू लागली, तर तिचा घोटाळा मुख्यतः मराठी नावांचा आहे आणि तो काही महिन्यांत सुटेल. तिथेही ती अडली, किंवा ५३ लिहिल्यावर ‘३५ मोठे की ५३’ सांगता आलं नाही, तर अडचण खोलवर आहे. भाषेमुळे डिस्कॅल्क्युलिया होत नाही. ज्या भाषांत संख्यांची नावं सरळसोट आहेत तिथेही ही मुलं असतात. पण ज्याला आधीच चढण अवघड जाते त्याच्या वाटेत आपली संख्यानावं आणखी दगड टाकतात, हे खरं.

आणखी काही खुणा बघा. ‘एकशे पाच’ सांगितल्यावर १००५ लिहिते का? ५२ मधून २७ वजा करताना हातचा न घेता मोठ्यातून लहान काढून ३५ उत्तर देते का? वीसपासून उलटे आकडे म्हणताना अडते का? कालपर्यंत येणारी बेरीज आज पूर्ण विसरते का? मराठी आणि इंग्रजी अंकांची सरमिसळ ही वेगळी गोष्ट आहे, ती धरू नका. इंग्रजी आठ आपल्या ४ सारखा दिसतो आणि इंग्रजी नऊ आपल्या १ सारखा, त्यामुळे सेमीच्या वर्गात चांगली मुलंही चुकतात. वर सांगितलेल्या खुणा मात्र नीट मदत करूनही सहा महिने टिकल्या तर तपासणी करून घ्यायची. त्याआधी डोळे आणि कान तपासा. फळ्यावरचं न दिसणाऱ्या मुलीवर ‘अक्षम’ असा शिक्का बसलेला मी पाहिला आहे.

अधिकृत प्रमाणपत्र साधारण वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळतं, त्यामुळे या वर्षी त्यामागे धावू नका. पुढे गरज पडलीच तर ते शासनानं नेमलेल्या सरकारी रुग्णालयातच होतं. मुंबईत शीव, नायर आणि केईएम रुग्णालयांत ही सोय आहे. तुमच्या भागात जिल्हा रुग्णालयात चौकशीला सुरुवात करा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये जी २१ प्रकारची दिव्यांगत्वं मानली आहेत त्यांत ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ आहे आणि तिच्या व्याख्येत डिस्कॅल्क्युलियाचं नाव स्पष्ट घेतलेलं आहे. मुख्याध्यापक ‘असं काही नसतं’ म्हणाले तर एवढं वाक्य शांतपणे सांगायचं. राज्य मंडळाच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ मिळतो, कॅल्क्युलेटर वापरता येतो, आणि नेहमीच्या गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेण्याचा पर्यायही असतो. हा शेवटचा पर्याय विचार करून घ्यावा, कारण गणित लागणाऱ्या पुढच्या शाखांची दारं त्यानं बंद होतात. पण ज्या मुलीचं सगळं दहावीचं वर्ष एका विषयाखाली चिरडलं जातंय तिच्यासाठी मी तो आनंदानं सुचवते. तुम्ही स्वतः मार्चमध्ये राहून ऑक्टोबरच्या परीक्षेत सुटलात. त्या सहा महिन्यांचं तुम्ही जे लिहिलंय, ते कुठल्याही मुलीच्या वाट्याला यायला नको.

‘माझ्यामुळे तिला आलं का?’ ही अडचण काही घराण्यांत चालत येते, हे खरं आहे. आईला असली म्हणजे लेकीला असेलच, असं मात्र नाही. आणि आली असेल तरी ती उंचीसारखी किंवा केसांसारखी आली, तुम्ही काही चुकीचं केल्यामुळे आली नाही. तुमच्या आईला विचारून बघा, तुमच्या आजीला सव्वाशे-अडीचशेचा हिशेब यायचा का. बहुतेक घरांत असं एक माणूस निघतंच, ज्याच्या हातात कुणी पैसे देत नसे आणि ज्याला भोळं म्हणून सगळे गप्प बसत.

आता तुमच्याबद्दल. एकोणतिसाव्या वर्षी पाढे पाठ करायला बसू नका. त्यातून फार थोडं मिळेल आणि शाळेतली सगळी भीती परत वर येईल. हिशेब डोक्यातून काढून डोळ्यांपुढे मांडायचा, हे मोठ्यांसाठीचं काम आहे. पावणेसहा म्हणजे सहाच्या आधी की नंतर, हे तुम्हाला कळत नाही असं लिहिलंय. सव्वा, साडे, पावणे हे शब्द डिस्कॅल्क्युलिया असलेल्या मराठी माणसाला आयुष्यभर छळतात, कारण प्रत्येकात एक लपलेली बेरीज किंवा वजाबाकी आहे. तुम्ही लोकांना सरळ विचारायची सवय लावा, ‘पाच पंचेचाळीस का?’ भिंतीवर आकड्यांचं घड्याळ लावा. फोनवर बस सुटायच्या वेळेचा गजर लावू नका, घरातून निघायच्या वेळेचा लावा. मधल्या वेळाचा अंदाज करणं हीच तर अडचण आहे.

पैशांसाठी रंग वापरा. दहाची नवी नोट चॉकलेटी, वीसची पिवळसर हिरवी, पन्नासची निळी, शंभरची जांभळट, दोनशेची पिवळी, पाचशेची राखाडी. पर्समध्ये वेगवेगळे कप्पे करा आणि रंगानुसार ठेवा. फोनवरून पैसे देणं तुमच्यासारख्यांना फार मोठा आधार आहे, पण त्यात एक शून्य जास्त पडलं तर नुकसानही मोठं. म्हणून पिन टाकण्याआधी रक्कम मोठ्यानं वाचा, समोरच्याला ‘तीनशे चाळीस ना?’ असं विचारा, आणि बँकेच्या ॲपमध्ये रोजची मर्यादा कमी करून ठेवा. एक गोष्ट मात्र टाळू नका: मुलांच्या औषधाचं माप. मेडिकलवाल्याला सांगून सिरिंजवर जिथपर्यंत औषध घ्यायचं तिथे रंगीत चिकटपट्टी लावून घ्या. यात लाज बाळगू नका, लाजेपोटी इथे खरा धोका होऊ शकतो.

स्वतःची तपासणी करून घ्यावी का, हेही तुमच्या मनात येत असेल. भारतात सर्रास वापरली जाणारी निम्हान्सची (बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेची) चाचणी ५ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी बनलेली आहे, त्यामुळे मोठ्या माणसाला प्रमाणपत्र मिळवणं कटकटीचं होतं. सरकारी नोकरीसाठी प्रयत्न करायचा असेल तर खटपट करण्यासारखी आहे, कारण आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. तसं नसेल तर एखाद्या मानसतज्ज्ञाशी एकदा नीट बोलणं पुरेसं आहे. माझ्याकडे आलेल्या एका बाईंना प्रमाणपत्र मिळालं नाही, पण ‘तुम्ही आळशी नव्हता’ हे शब्द ऐकून त्या रडल्या, आणि त्या दिवसापासून घरचा हिशेब त्यांनी उघडपणे कॅल्क्युलेटरवर करायला सुरुवात केली.

आता सांगायचं कसं, हा तुमचा तिसरा प्रश्न. जनजागृतीच्या कार्यक्रमांत बोलायला मला बोलावतात तेव्हा तिथे एक ठरलेला फलक असतो: मोठमोठ्या शास्त्रज्ञांचे फोटो आणि ‘यांनाही गणित येत नव्हतं’. आइनस्टाइनचा फोटो हमखास. प्रत्यक्षात पंधरा वर्षांचा होण्याआधी त्यानं कलनशास्त्र (कॅल्क्युलस) आत्मसात केलं होतं. खोट्या गोष्टीवर उभी केलेली सहानुभूती टिकत नाही. शिवाय अशा फलकामुळे पालक घरी जाऊन मुलात लपलेला हिरा शोधू लागतात, आणि तो सापडला नाही की मूल दुसऱ्यांदा नापास होतं. माझा अनुभव असा आहे की ‘डिस्कॅल्क्युलिया’ हा शब्द सांगून लोक बदलत नाहीत. शब्द ऐकून ते एकतर घाबरतात, नाहीतर ‘हे शहरातलं खूळ’ म्हणतात. आपल्याकडे हा विषय बराच काळ इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अडकून राहिला, म्हणून तसं वाटणं साहजिकही आहे. लोक बदलतात ते नेमकी अडचण आणि नेमकी सोय एका दमात सांगितली की. मी शिक्षकांसमोर बोलते तेव्हा एकच प्रयोग करते. त्यांना आकड्यांऐवजी क, ख, ग, घ वापरून हातच्याची वजाबाकी करायला देते. दोन मिनिटांत सभागृहात शांतता पसरते. त्यानंतर मला फार बोलावं लागत नाही.

म्हणून मालकांना असं सांगा: ‘मालक, गल्ला नको म्हणाले ते तुमचा अनादर म्हणून नाही. मला लहानपणापासून आकडे पटकन कळत नाहीत, घाईत चुकतात. तुमचं नुकसान होईल याची भीती वाटते. कॅल्क्युलेटर आणि सवलतीचा तक्ता असेल तर बिल मी करते. सणाच्या गर्दीत गल्ल्यावर दुसरं कुणी बसू दे, गिऱ्हाईक आणि माल मी सांभाळते.’ तक्ता तुम्हीच करून न्या. डाव्या बाजूला दुकानात चालणाऱ्या किमती, वर ५, १०, १५, २० टक्के, आणि चौकोनात सवलतीनंतरची रक्कम. भाच्याकडून एकदा तपासून घ्या आणि प्लास्टिकमध्ये घालून गल्ल्याशेजारी चिकटवा. तो तक्ता बाकीच्या मुलीही वापरतील, बघाच. नवऱ्याला मात्र मालकांच्या आधी सांगा. त्यांना दुकानातून कळलं तर मनाला लागेल.

लेकीच्या बाईंना एक पान लिहून द्या, पालकसभेत सगळ्यांसमोर बोलू नका. मजकूर साधारण असा: ‘बाई, ही दोन अंकी संख्या ऐकून उलट लिहिते. घरी मण्यांची माळ वापरून सराव घेत आहोत. तुम्हाला विनंती एवढीच की संख्या सांगताना “त्रेपन्न, पन्नास आणि तीन” असं दोन्ही म्हणावं, तिला पाढ्यासाठी वर्गासमोर उभं करू नये, आणि बोटांवर मोजलं तर थांबवू नये. दिवाळीनंतर मी पुन्हा भेटायला येईन.’ बोटांवर मोजण्याचं मुद्दाम लिहिते आहे. कितीतरी शाळांत अजून बोटं लपवायला लावतात, आणि या मुलांची बोटं हीच त्यांची पाटी असते.

ती माळ विकत आणू नका. शंभर मणी घ्या, दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, असे ओवा, आणि हे काम लेकीसोबत जमिनीवर बसून करा. रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. ५३ म्हटलं की रंगांचे पाच पूर्ण गट सरकवायचे आणि पुढचे तीन मणी. मग ३५ करायचे आणि दोन्हींची लांबी दोरीवर पाहायची. सुरुवातीला लिहायला लावू नका, फक्त सरकवू दे. तुम्ही स्वतः तिच्याआधी दोनदा करून बघा. पहिल्या दिवशी तुमचंही चुकेल, आणि ते तिला दिसलं तरी चालेल.